गावाबाहेरची टेप

"लगेच नको घालूस मशीनमध्ये," मी म्हणाले. "दिवसभर इथली हवा लागू दे तिला."

रुबिनाचा पुढे आलेला हात तसाच राहिला. "कशाला ओ ताई?"

"टेपला हवेची सवय व्हावी लागते ना. नाना तसंच करायचे. आमच्याकडे आले की पहिला दिवस टेप टेबलावर, वरून मलमलचं फडकं. दुसऱ्या दिवशी कपाटात."

"नाना असं करायचे?"

"दर दिवाळीला."

माझ्या हातातली प्लास्टिकची डबी तिने अलगद काढून घेतली. "बेळगावची हवा आणि इचलकरंजीची हवा काय एवढी वेगळी नाही. चेअरमन येतीलच आता. त्यांच्याआधी बघून घेऊ या."

आम्ही चपला बाहेर काढून आतल्या थंड खोलीत गेलो. बाहेर, दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांची खटखट चालू होती. दार लावलं तशी ती बारीक झाली, पण गेली नाही. लहानपणी शाळेतून मी थेट इथे यायची. तेव्हा या खोलीत संगणक नव्हता. आलेखाचे मोठे कागद असायचे आणि त्यांवर चौकटी भरत बसलेले नाना, माझे वडील, असायचे. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. पुढे विणकर संस्थेने संगणक घेतला, साड्यांचे काठ-पदर त्यात गेले, आणि नानांनी उतारवयात त्याची युनिक्स प्रणाली शिकून घेतली. निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांना सोडलं नव्हतं. संक्रांतीनंतर ते झोपेतच गेले, तेव्हाही आदल्या दिवशी कामावर आलेले होते.

त्याला अजून दोन महिने झाले नव्हते. आणि काल रुबिनाचा फोन आला होता. नानांच्या हाताखाली तयार झालेली ही मुजावरांची मुलगी, एरवी भराभरा बोलणारी, फोनवर थांबत थांबत बोलत होती.

"ताई, मशीनची डिस्क गेली. सगळी डिझाइनं त्यात होती. नानांच्या आठवड्याच्या टेपा आहेत, पण त्यांच्यावरून काही उभं राहीना. पहिली पूर्ण टेप लागते. ती गावाबाहेर असते असं नाना म्हणायचे. तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे," मी म्हणाले होते. कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात. किती सहज म्हणाले होते.

आता तिने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या टेपा ओळीने उभ्या होत्या. बहुतेकींवर नानांचं गोल, सुटं अक्षर: मशीनचं नाव, तारीख, आणि एक आकडा.

"हा आकडा बघा. शून्य म्हणजे सगळंच्या सगळं. ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, मशीनवर कोणी नसताना. एक म्हणजे महिन्याची टेप, शून्यानंतर जे बदललं तेवढंच. दोन म्हणजे आठवड्याची, एकच्या नंतर बदललं तेवढंच. रोज सगळं लिहीत बसलं तर टेपही पुरायची नाही आणि माणूसही."

"आणि इथे शून्य एकही नाही."

"नाही. नाना मला म्हणायचे, नव्या धाग्यांचा रूळ, बीम, चढवताना जुन्या ताण्याची टोकं मागावरच ठेवतात ना? नव्याचा एकेक धागा त्या टोकांना सांधतात. ती टोकंच नसली तर सांधणार कशाला?" तिने समोरच्या पडद्यावर एक चित्र आणलं. एक काठ होता. त्यात कोयऱ्या होत्या, पण वेल नव्हती. कोयऱ्या आपल्या हवेत लटकत होत्या. "कोयऱ्या डिसेंबरमध्ये बदलल्या, म्हणून टेपवर आल्या. वेल कोणी हलवलीच नव्हती. ती शून्यावर आहे."

"मग घाल ही."

तिने डबी उघडली, टेप यंत्राच्या फटीत सरकवली. आत काहीतरी फिरलं, थांबलं, परत फिरलं. पडद्यावर एक ओळ उमटली. रुबिनाने तीच आज्ञा पुन्हा दिली. तीच ओळ.

"काय म्हणतंय?"

"वाचता येत नाही म्हणतंय." तिने टेप बाहेर काढली, यंत्राचं तोंड साफ करायची वेगळी टेप घालून चालवली, मग आमची परत घातली. तीच ओळ. मग फळीवरची डिसेंबरची एक टेप घातली, ती सुरळीत वाचली गेली. परत आमची.

मी बेळगावहून एसटीने येताना पर्स मांडीवर धरून बसले होते. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जागा होती, पण तिथे डोक्यावर स्पीकर होता. स्पीकरच्या चुंबकाजवळ टेप न्यायची नाही, म्हणून मी शेवटच्या बाकावर हिंदकळत आले होते.

"माझ्याकडून काही झालं का?" मी विचारलं. "कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या."

"डांबराच्या गोळ्यांनी काही होत नाही." रुबिना टेप उलटीपालटी करून पाहत होती. तिचा आवाज खाली आला. "ताई, ही बिघडली नाही. बिघडली असती तर थोडंफार तरी वाचलं असतं. ही कोरी आहे. हिच्यावर कधी काही लिहिलेलंच नाही."

दार उघडलं, खटखट आत आली, आणि तिच्यामागून चेअरमन आप्पासाहेब मगदूम आले. नवे चेअरमन, निवडून येऊन वर्षही झालेलं नव्हतं. नानांच्या मातीला ते आले होते, खांदाही दिला होता.

"आलासा ताई? बरं झालं. मिळाली का टेप?"

रुबिनाने सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"आता कसं बोलायचं ते सांगा," ते म्हणाले. "माणूस गेलाय. वाईट बोलू ने. पण ह्या फळीवरच्या टेपा मी कालच उघडून बघायला लावल्या. एकेकीत चार-दोन फायली. बाकी टेप मोकळी. आन आता ही मोठी म्हणत होता ती पण मोकळी. मग नाना इतकी वर्षं करत काय होते इथं बसून?"

"चेअरमनसाहेब, आठवड्याच्या टेपेत कमीच असतं," रुबिना म्हणाली. "बदललेलंच तेवढं—"

"ते तू मला काल सांगितलंस, बाई. परवाच्या जनरल सभेला शंभर मागवाले म्हणतील, आमचे काठ दाखवा. त्यांना काय दाखवू? लटकलेल्या कोयऱ्या? लग्नसराई तोंडावर आलीया."

दाराच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी भिंतीला टेकून उभं होतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते जरा वरमले.

"फोटो हाय नानांचा. त्याच सभेत लावायचा होता, ह्या खोलीत. संस्थेनं ठराव केलाय." ते थांबले. "आता लोक विचारतील, ह्या माणसाचा फोटो कशासाठी."

मी ग्रंथपाल आहे. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक जागेवर नसलं तर ते कुठे गेलं असेल याचा माग काढायची मला सवय आहे. इथे पुस्तक जागेवर होतं आणि आतली पानं कोरी होती. असं कुठे शोधायचं?

"वय झालं होतं त्यांचं," चेअरमन हळू आवाजात म्हणाले. "लक्षात राहात नसंल. होतंय तसं."

आणि मला तेच वाटायला लागलं होतं. गेल्या दिवाळीत त्यांनी चहात दोनदा साखर घातली होती. मला एकदा 'सुमन' म्हणून हाक मारली होती. सुमन माझी आई. हाक मारली आणि नंतर दुरुस्तही केली नाही. मी ओ दिली, त्यांनी ताट मागितलं, विषय संपला. तेव्हा मी त्याचं काही वाटून घेतलं नव्हतं. आता त्या हाकेचा वेगळाच अर्थ लागत होता. म्हणजे त्या दिवाळीत इथे बसून त्यांनी टेप लावली असेल, आज्ञा द्यायला विसरले असतील, आणि कोरीच टेप पिशवीत घालून इतक्या लांब आले असतील. पण नाना आज्ञा दिल्यावर टेप परत वाचून पाहत. 'लिहिली म्हणजे झालं नाही, वाचता आली पाहिजे,' हे मी लहानपणापासून ऐकलं होतं, टेपा यायच्या आधीपासून, शुद्धलेखनाच्या बाबतीत.

"गेल्या वर्षीची असेल का तुमच्याकडे? त्याच्या आधीची?" रुबिनाने विचारलं.

"नवी आणली की जुनी परत घेऊन जायचे."

"मग ती इथे असायला पाहिजे."

ती इथे नव्हती. आम्ही दोघींनी फळी उतरवली, कपाट उतरवलं. चेअरमनही उठून खोकी बघायला लागले. कुठेच शून्य नव्हतं.

आई गेली त्याच वर्षी ते पहिल्यांदा टेप घेऊन आले होते. त्याआधी नाना आणि मी एकमेकांशी फारसं बोलतच नव्हतो. भांडण नव्हतं, काही नव्हतं. फोन नाना उचलायचे आणि म्हणायचे, "थांब, आईला देतो." आई गेल्यावर देणार कुणाला? दर रविवारी फोन यायचा. "नवीन काय?" "काही नाही. तुमचं?" "काही नाही." तेवढ्यावर ठेवायचे. आणि त्या दिवाळीत, फोन न करता, दारात. हातात लाडवांचा डबा नाही, फटाक्यांची पिशवी नाही. शर्टाच्या खिशातून काढलेली एक प्लास्टिकची डबी.

"संस्थेचं काम आहे," दारातच म्हणाले. "ही गावाबाहेर ठेवावी लागते. नदीला पाणी आलं, काही झालं, तर सगळं एका ठिकाणी नको."

मग घरभर फिरून जागा शोधली. फ्रीजवर नको. स्पीकरजवळ नको. पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागतं, तिकडे नको. घर कसं आहे हे विचारलं नाही, भिंतींना हात लावून पाहिला. शेवटी माझं कपाट पसंत पडलं. पण आज नाही. आज टेबलावर राहू दे, इथली हवा लागू दे. आणि मग ते त्या टेबलाशीच बसले, दिवसभर, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. पेपरमधल्या बातम्या मोठ्याने वाचल्या. माझ्यासमोर ताटली ओढून लसूण सोलून दिला. श्रीधर, माझा नवरा, स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "टेपला चहा देऊ का?" मी हसले, पण मनातून खट्टू झाले होते. आई गेल्यावरची पहिली दिवाळी, आणि हा माणूस ऑफिसचं काम घेऊन आला होता. दरवर्षी तेच. आमच्या घरात म्हणायची पद्धतच पडली होती: वसुबारस झाली, आता टेप येईल.

चेअरमननी रिसीव्हर उचलला. "कोल्हापूरच्या दुकानाला सांगून टाकतो. जुन्या काठांच्या ऑर्डरी घेऊ नका म्हणावं. उगं लोकांना शब्द देऊन बसतील."

कोल्हापुरात संस्थेचं साड्यांचं विक्री केंद्र आहे. तिथले व्यवस्थापक चौगुले. फोन लागला, चेअरमननी डिस्कचं सांगितलं, ऑर्डरींचं सांगितलं. मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते.

"कसली डबी?" त्यांनी विचारलं. "...तिजोरीत? ...कोण ठेवतंय? ...दरवर्षी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुबिनाकडे. "चौगुले, गल्ला पोरांकडं द्या आणि ती डबी घेऊन आत्ताच्या आत्ता इकडं या. व्हय, तुम्हीच या. दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

दुपारी चौगुले मोटारसायकलवरून आले. डोक्याला मफलर, शर्टाच्या आतल्या खिशात रुमालात बांधलेली डबी. डबी पाहताच रुबिनाने खुर्ची सोडली. लेबल तेच, पण भरलेलं होतं: मशीनचं नाव, दिवाळीची तारीख, आणि स्वच्छ, गोल शून्य.

मग मी आणलेली डबी तिने उचलून जवळ धरली. तिच्या लेबलवर नुसतीच तारीख होती. मशीनचं नाव नाही, आकडा नाही. सकाळपासून ती आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणालाच दिसलं नव्हतं.

"नाना अशी टेप फळीवर ठेवूच द्यायचे नाहीत," रुबिना स्वतःशीच म्हणाली. "आकडा नसला तर मला ओरडायचे. मी आपलं धरून चालले ओ. दिवाळीला टेप खिशात घालून बेळगावला जाताना दिसायचे, म्हणून मला वाटलं गावाबाहेर म्हणजे तुमच्याकडेच."

तिने चौगुल्यांची टेप रुमालातून काढली आणि सरळ यंत्रात घातली. ती एक क्षणही थांबली नाही. मी पाहत होते. हवा वगैरे काही नाही.

या वेळी यंत्र फिरत राहिलं. पडद्यावर नावं खालून वर सरकायला लागली. आधी शून्य; मग महिन्याची टेप; मग एकेक आठवड्याची, तारखेच्या क्रमाने. ज्या टेपांत चार-दोन फायली म्हणून चेअरमन सकाळी वैतागले होते, त्याच चार-दोन फायली आपापल्या जागी जाऊन बसत होत्या. शेवटच्या काही टेपांवर रुबिनाचं अक्षर होतं. मग तिने कोयरीचा काठ उघडला. वेल होती. कोयऱ्या वेलीला लागलेल्या होत्या.

चेअरमननी टोपी घातली. "आलं का सगळं?"

"डिस्क गेली त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंतचं सगळं."

ते उठून पडद्याजवळ गेले आणि बोटाने काठ वाचल्यासारखा पाहू लागले. त्यांचेही माग आहेत. "नानाचं काम चोख होतं," ते म्हणाले. कुणाकडे बघून नाही. मग एकदम वळले. "पण मग बेळगावला ते काय घेऊन जायचे?"

रुबिना यंत्रातून टेप काढण्यात गुंतली. मी खिडकीकडे पाहत होते. खिडकी बंद होती.

"चौगुले, तुमच्याकडं कधी यायचे ते?"

"ऐन दिवाळीत, साहेब. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची तवा. मी म्हणायचो, नाना, बसा, च्या घ्या. बसायचेच न्हाईत. डबी तिजोरीत ठेवली का बघायचे आन लगीच पायऱ्या उतरायचे." चौगुल्यांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला. "एकदा हात धरून थांबवलं, तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, सोड बाबा, बेळगावची गाडी चुकंल."

शेडमधल्या मागांपैकी एक थांबला असावा. खटखटीत मध्येच एक फट पडली आणि भरून आली.

रुबिनाने कोरी टेप डबीत घातली. डबीवरच्या लेबलचा एक कोपरा सुटला होता. तिने तो नखाने जरा उचलला. खाली दुसरं लेबल होतं, आधीच्या एका दिवाळीचं. त्याच्या खाली अजून एक.

"दोनच असणार," ती म्हणाली. "एक तुमच्याकडे, एक त्यांच्या घरी. फिरत राहायच्या."

नानांच्या घराची आवराआवर मी अजून केलेली नव्हती. कुलूप लावून आले होते, किल्ली पर्समध्येच होती.

"हवेची सवय," मी विचारलं, "कोणत्याच टेपेला लावावी लागत नाही का?"

तिने खरं उत्तर द्यायचं की नाही याचा विचार केलेला दिसला. "फार थंडीतून आणली, पावसातून आणली तर ठेवावी थोडा वेळ. पुस्तकात लिहिलंय तसं. पण नाना इथे..." ती थांबली. "आमच्याकडे घाई असायची ओ ताई."

चेअरमननी दारामागचं वर्तमानपत्र फाडायला घेतलं होतं. "खिळा हाय का कुणाकडं?" ते म्हणाले. "सभेपर्यंत कशाला थांबायचं."

मी निघाले तेव्हा रुबिना दारापर्यंत आली. हातात ती डबी होती. "ही चांगली टेप आहे. नवीच म्हणायची. इथे वापरायला ठेवू, की...?"

मी हात पुढे केला. तिने डबी लगेच दिली नाही. आधी टेप बाहेर काढली आणि तिच्या कडेची बारीक खिट्टी नखाने सरकवली. "आता हिच्यावर कुणी चुकूनसुद्धा काही लिहू शकणार नाही," ती म्हणाली आणि मग दिली.

एसटीत त्या दिवशी बरीच जागा होती. मी स्पीकरपासून लांब, शेवटच्या बाकावर बसले.

घरी पोचले तेव्हा श्रीधर स्वयंपाकघरात होता. "झालं का काम? काय निघालं टेपेत?"

"सांगते," मी म्हणाले. डबी टेबलावर ठेवली. मलमलचं फडकं शोधून काढलं, वरून घातलं.

"कपाटात नाही ठेवायची?"

"उद्या," मी म्हणाले, आणि ताटलीत लसूण घेऊन तिच्याशेजारी बसले.